बिंबाणू आणि पक्षाघात

विळीवर भाजी चिरताना बोटाला कापते, रक्ताची धार लागते. बोट घट्ट दाबून धरले म्हणजे काही मिनिटांतच ती थांबते. हा अनुभव इतका परिचयाचा आहे की त्यात नवल करण्यासारखे काही आहे असे कोणास वाटत नाही. परंतु थोडा विचार केला असता त्यातील आश्चर्य ध्यानात येते. रक्त हा द्रव पदार्थ होय. लहानमोठ्या असंख्य वाहिन्यांमधून तो अहोरात्र न थिजता वाहत असतो; आणि तोच द्रव, वाहिनीस छेद जाताच, नेमका त्या ठिकाणी घट्ट होतो. वाहणे आणि थिजणे या दोन परस्परविरोधी गुणांचा समतोल राखला जातो म्हणूनच प्राणी जगू शकतो. हा समतोल एका बाजूस ढळला तर रक्तस्राव होतो. दुसऱ्या बाजूस ढळला तर नको तेथे गुठळी होते.

बोटावर उपकारक ठरणारी हीच गुठळी मेंदूस रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत अडकली म्हणजे धडधाकट मनुष्य क्षणार्धात एका अंगाने लुळा पडतो किंवा त्याची वाचा जाते. यालाच आपण पक्षाघात किंवा अर्धांगवायू म्हणतो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकेच असते, पण शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ पंचमांश त्याला एकट्याला लागतो, आणि त्याचा साठा करण्याची सोय त्याच्यापाशी नाही. म्हणून रक्तपुरवठा थांबताच मेंदूच्या कोशिका काही मिनिटांत मरू लागतात. पक्षाघाताचे दोन प्रमुख प्रकार आहेत : एक वाहिनी तुंबल्याने होणारा आणि दुसरा वाहिनी फुटून होणारा. पहिला प्रकार अधिक आढळतो. त्याच्या मुळाशी पुष्कळदा रक्तातील जे अतिसूक्ष्म घटक असतात, त्यांचे कार्य आणि त्यांना आवर घालण्याचे उपाय यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून द्यावयाचा आहे.

रक्तातील सर्वांत लहान घटक

रक्तात तांबड्या व पांढऱ्या पेशींखेरीज तिसरा एक घटक असतो. त्याला बिंबाणू म्हणतात. डेंग्यूच्या साथीमुळे प्लेटलेट हे त्याचे नाव आता घरोघरी माहीत झाले आहे. बिंबाणूचा व्यास अवघा २ ते ३ मायक्रॉन, म्हणजे तांबड्या पेशीच्या निम्म्याहूनही कमी असतो. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारणपणे दीड लाख ते साडेचार लाख बिंबाणू असतात.

बिंबाणूंना इतिहासात उशिराच मान मिळाला. एकोणिसाव्या शतकातील काही सूक्ष्मदर्शककारांना ते दिसले होते. परंतु पुष्कळांनी त्यांना पेशींचे तुकडे किंवा कचरा समजून सोडून दिले. इटलीतील तुरिन येथील जूलिओ बिझ्झोझेरो यांनी १८८२ च्या सुमारास जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्यांत वाहणारे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळले. वाहिनीच्या भिंतीस इजा होताच हे लहान कण तेथे चिकटू लागतात, एकमेकांना बिलगतात आणि त्यांचा ढीग बनून छिद्र बुजते, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९०६ मध्ये अमेरिकेतील जेम्स होमर राइट यांनी या कणांचे जन्मस्थान शोधून काढले. अस्थिमज्जेत अतिशय मोठ्या आकाराच्या काही कोशिका असतात. त्यांच्या जीवद्रव्याचे तुकडे तुटून बिंबाणू तयार होतात.

या उत्पत्तीमुळे बिंबाणूच्या अंगी एक उणीव राहते. तो पूर्ण कोशिका नसून कोशिकेचा तुकडा असल्याने त्यास केंद्रक नसते, आणि केंद्रक नाही म्हणून नवी प्रथिने बनवण्याची त्याची शक्ती नाममात्र असते. तो जन्मतः जी सामग्री घेऊन येतो, तिच्यावरच त्याला आपले सात ते दहा दिवसांचे आयुष्य काढावे लागते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे औषधाच्या विवेचनात तिचे महत्त्व दिसून येईल.

बांध कसा बांधला जातो

रक्तवाहिनीच्या आतील बाजूस पेशींचे एक गुळगुळीत अस्तर असते. हे अस्तर शाबूत आहे तोवर बिंबाणू त्याला स्पर्श करीत, पण न चिकटता, पुढे वाहत जातात. अस्तर फाटले म्हणजे त्याखालील कोलॅजेन नावाचे तंतुमय प्रथिन उघडे पडते. त्यावर रक्तातील एक लांबट प्रथिन जाऊन बसते. फिनलंडचे वैद्य एरिक फोन विलेब्रांट यांनी १९२६ मध्ये एका कुटुंबातील आनुवंशिक रक्तस्रावाचे वर्णन केले, त्यावरून या प्रथिनास त्यांचेच नाव मिळाले. वेगाने वाहणाऱ्या प्रवाहातून बिंबाणूंना पकडून ठेवण्याचे काम हे प्रथिन करते.

पकडला गेलेला बिंबाणू स्वस्थ बसत नाही. तो आपला तबकडीचा आकार टाकून काटेरी रूप धारण करतो आणि आपल्या पोटातील द्रव्ये बाहेर सोडतो. त्यांपैकी दोन आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. एक एडीपी आणि दुसरे थ्राँबोक्सेन. ही दोन्ही द्रव्ये म्हणजे जणू शेजारून जाणाऱ्या बिंबाणूंना घातलेली हाक. हाक ऐकून आलेले बिंबाणू उद्दीपित होतात, तेही तीच द्रव्ये सोडतात, आणि हा हा म्हणता कणांची रास जमते. याच वेळी रक्तद्रवातील प्रथिनांपासून फायब्रिन नावाचे धागे तयार होऊन त्यांचे जाळे या राशीभोवती विणले जाते. नदीला बांध घालताना दगडांची रास रचून तिला मातीचा लेप द्यावा, तसाच हा प्रकार होय.

एडीपीचा प्रभाव मोजण्याची सोपी रीत १९६२ मध्ये गुस्ताव्ह बॉर्न यांनी लंडन येथे शोधून काढली. तांबड्या पेशी काढून टाकलेला, बिंबाणूंनी भरलेला रक्तद्रव गढूळ असतो. त्यातून प्रकाश नीट पार होत नाही. त्यात एडीपी मिसळले की बिंबाणूंचे गोळे बनतात आणि द्रव निवळू लागतो. दूध नासले म्हणजे गोळे वेगळे होऊन निवळ पाणी सुटते, त्यासारखेच हे दृश्य. पार होणारा प्रकाश किती वाढला हे मोजले की बिंबाणू किती जोमाने एकवटले ते कळते. या साध्या उपकरणामुळे औषधांची परीक्षा प्रयोगशाळेत करणे शक्य झाले. गुस्ताव्ह हे विख्यात भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांचे पुत्र. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या निमंत्रणावरून माक्स बॉर्न १९३५–३६ मध्ये काही महिने बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत वास्तव्यास होते, हे भारतीय वाचकांना येथे आठवल्यावाचून राहणार नाही.

डोळ्यात दिसलेले पांढरे कण

ही उपकारक यंत्रणा अपकारक कशी होते? वय, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि रक्तातील मेदाचे आधिक्य यांमुळे रोहिणीच्या भिंतीत मेदाचे थर साचू लागतात. मानेतील ज्या रोहिण्या मेंदूकडे जातात, त्यांच्या दुभंगण्याच्या जागी असे थर विशेषेकरून आढळतात. एखादे दिवशी अशा थराचे आवरण चिरते. बिंबाणूंना ही चीर म्हणजे जखमच वाटते. बोटावरील जखम आणि ही जखम यांतील भेद त्यांना कळत नाही. ते तेथे जमून बांध घालू लागतात. त्या राशीचा तुकडा सुटून प्रवाहाबरोबर वर गेला की मेंदूतील एखादी बारीक रोहिणी तुंबते.

हे केवळ अनुमान नव्हे. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी १९५९ मध्ये एका डोळ्याची दृष्टी तात्पुरती जाण्याचा झटका चालू असतानाच रुग्णाच्या दृष्टिपटलाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. तेथील रोहिणीमधून पांढरट कण हळूहळू पुढे सरकत जाताना त्यांना दिसले. हे कण मुख्यत्वे बिंबाणूंच्या राशींचे असावेत, असे अनुमान पुढे बळकट झाले. कण पुढे सरकला की रक्तप्रवाह पुन्हा सुरू होतो आणि दृष्टी परत येते.

मेंदूतही असेच घडते. एखाद्या माणसाचा हात जेवताना एकाएकी लुळा पडतो, घास खाली पडतो, बोलणे अडखळते. पंधरावीस मिनिटांनी सर्व पूर्ववत होते. घरातील माणसे अशक्तपणा किंवा पित्त यांवर खापर फोडून मोकळी होतात. याला क्षणिक आघात म्हणावे. तो निघून जातो म्हणून निरुपद्रवी, ही समजूत अत्यंत घातक आहे. कॅलिफोर्नियात १,७०७ अशा रुग्णांचा मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत तीन महिन्यांच्या आत सुमारे दहांपैकी एकास खरा पक्षाघात झाला आणि त्यांतील निम्मे आघात पहिल्या दोनच दिवसांत झाले, असे आढळले. क्षणिक आघात ही रोगाने दिलेली पूर्वसूचना होय, आणि तिची मुदत फार थोडी असते.

जुन्या औषधाचा नवा गुण

ॲस्पिरिन हे औषध १८९९ पासून बाजारात आहे. ताप आणि अंगदुखी यांवर ते अर्धशतक वापरले गेले. कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल या गावचे एक वैद्य लॉरेन्स क्रेव्हन यांना १९४० नंतरच्या दशकात एक चमत्कारिक गोष्ट दिसली. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर घसा दुखू नये म्हणून ॲस्पिरिनयुक्त गोंद चघळणाऱ्या रुग्णांपैकी काहींना फार रक्तस्राव होई. जे औषध रक्तस्राव वाढवते ते गुठळीस प्रतिबंध करील, असा तर्क त्यांनी बांधला आणि हजारो रुग्णांना ते नेमाने ॲस्पिरिन देऊ लागले. हृदयविकार व पक्षाघात दोन्ही टळतात, असे त्यांनी १९५६ पर्यंतच्या आपल्या लेखांत मांडले. परंतु तुलनेसाठी औषध न दिलेला गट त्यांनी ठेवला नव्हता, आणि त्यांचे लेख अल्पप्रसिद्ध नियतकालिकांत आले. १९५७ मध्ये हृदयविकारानेच त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा तर्क बरोबर होता. पण बरोबर असणे आणि सिद्ध करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

ॲस्पिरिन काय करते हे लंडनमधील जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडले. शरीरातील काही संदेशवाहक द्रव्यांची निर्मिती ते बंद पाडते. स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएल्सन यांच्या गटाने १९७५ मध्ये बिंबाणूतील थ्राँबोक्सेन ओळखले. व्हेन, सॅम्युएल्सन आणि सुने बर्गस्ट्रोम यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. थ्राँबोक्सेन तयार होण्यास बिंबाणूत एक विकर लागते. ॲस्पिरिनचा रेणू त्या विकरास कायमचा चिकटून त्याचे द्वार बंद करतो.

येथे बिंबाणूची ती उणीव आठवावी. इतर पेशी निकामी झालेल्या विकराच्या जागी नवे विकर बनवतात. केंद्रकहीन बिंबाणूस ते साधत नाही. एकदा थ्राँबोक्सेन बनवण्याची त्याची शक्ती गेली की ती त्याच्या मृत्यूपर्यंत परत येत नाही. म्हणूनच डोकेदुखीवर ॲस्पिरिनचा गुण काही तासांत ओसरत असला, तरी बिंबाणूंवरील परिणाम आठवडाभर रेंगाळतो. म्हणूनच दिवसाला अवघे ७५ ते १५० मिलिग्रॅम औषध पुरते. मात्र अस्थिमज्जा रोज सुमारे दशांश बिंबाणू नव्याने रक्तात सोडत असते; त्यांना आवरण्यासाठी गोळी रोज घ्यावी लागते.

यावरून आणखी एक गैरसमज दूर होईल. या औषधांना आपल्याकडे सर्रास रक्त पातळ करण्याची गोळी म्हणतात. वस्तुतः रक्ताचा दाटपणा त्यांनी तिळमात्र कमी होत नाही, आणि बिंबाणूंची संख्याही घटत नाही. कमी होते ती बिंबाणूंची एकमेकांना हाक घालण्याची शक्ती.

प्रयोगाची कसोटी

क्रेव्हन यांना जे साधले नाही ते कॅनडातील वैद्यांनी साधले. क्षणिक आघात किंवा सौम्य पक्षाघात झालेल्या ५८५ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी गटांत वाटणी करण्यात आली. काहींना ॲस्पिरिन आणि काहींना दिसण्यात तशीच निष्क्रिय गोळी मिळाली. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ॲस्पिरिनमुळे पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका ३१ टक्क्यांनी घटला. त्यानंतर १९९७ मध्ये दोन विशाल चाचण्यांचे निष्कर्ष आले. एक अनेक देशांत मिळून १९,४३५ रुग्णांवर झाली होती आणि दुसरी चीनमध्ये २१,१०६ रुग्णांवर. तुंबल्याने झालेल्या पक्षाघातानंतर ४८ तासांच्या आत ॲस्पिरिन सुरू केल्यास पहिल्या काही आठवड्यांत दर हजारी सुमारे नऊ मृत्यू किंवा पुनराघात टळतात, असे त्यांतून दिसले. हा आकडा लहान वाटेल. परंतु औषध स्वस्त आणि रुग्ण लक्षावधी असल्यामुळे त्याचे मोल मोठे आहे.

दुसरे औषध क्लोपिडोग्रेल. ते थ्राँबोक्सेनला हात लावत नाही. एडीपीची हाक ज्या ग्राही प्रथिनावर ऐकू येते ते प्रथिन बंद करते. एकाने हाक थांबत नसेल तर दोन्ही मार्ग बंद करावेत, ही कल्पना साहजिकच सुचली. परंतु २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७,५९९ रुग्णांवरील चाचणीत दोन्ही औषधे दीड वर्ष एकत्र दिली असता विशेष लाभ न होता प्राणघातक रक्तस्राव मात्र वाढले. पुढे प्रश्न निराळ्या रीतीने विचारण्यात आला. चिरलेला थर ताजा असताना, म्हणजे धोका सर्वाधिक असतानाच थोडे दिवस ही जोडी दिली तर? चीनमधील ५,१७० रुग्णांवर, आघातानंतर २४ तासांच्या आत आरंभ करून, २१ दिवस हा उपाय योजण्यात आला. २०१३ मध्ये निष्कर्ष आला : तीन महिन्यांतील पक्षाघात शेकडा ११.७ वरून ८.२ वर उतरले आणि मोठे रक्तस्राव वाढले नाहीत. अमेरिकेतून मुख्यत्वे चाललेल्या २०१८ च्या चाचणीत ही जोडी तीन महिने दिली गेली; पक्षाघात तेथेही घटले, पण मोठे रक्तस्राव शेकडा ०.४ वरून ०.९ झाले. म्हणून आज क्षणिक किंवा सौम्य आघातानंतर ही जोडी सामान्यतः तीन आठवड्यांच्या आसपास देऊन नंतर एकच औषध पुढे चालू ठेवण्याची रीत आहे. औषध तेच, लाभ की हानी हे वेळ आणि मुदत ठरवतात.

क्लोपिडोग्रेलच्या बाबतीत एक अडचण आहे. ते मूळ रूपात निष्क्रिय असते; यकृतातील एक विकर त्यास सक्रिय करते. हे विकर आनुवंशिकतेने मंद असलेले लोक आशियात, भारतातही, पुष्कळ आढळतात. त्यांना या औषधाचा गुण कमी येतो. अशा रुग्णांत टिकाग्रेलॉर हे औषध अधिक उपयोगी पडल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत दिसून आले.

औषध कोणास नको

समतोलाच्या एका पारड्यातून काढलेले वजन दुसऱ्या पारड्यास जड करतेच. बिंबाणूंना आवर घातला की जठरातून किंवा क्वचित मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ज्यास एकदा आघात झाला आहे, त्याच्या बाबतीत लाभ या धोक्याहून स्पष्टपणे मोठा ठरतो. निरोगी माणसाच्या बाबतीत तसे नाही. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथील १९,११४ निरोगी वृद्धांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. त्यांत रोजच्या ॲस्पिरिनने हृदयविकार वा पक्षाघात यांत लक्षणीय घट झाली नाही. मोठे रक्तस्राव मात्र वाढले. तेव्हा शेजाऱ्यास गुण आला म्हणून आपणही गोळी सुरू करणे शहाणपणाचे नव्हे.

पक्षाघाताचा झटका येताच घरच्या घरी ॲस्पिरिन देणेही योग्य नाही. वाहिनी तुंबली आहे की फुटली आहे हे बाह्य लक्षणांवरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी मेंदूचा सीटी स्कॅन काढावा लागतो. वाहिनी फुटली असताना दिलेले हे औषध विषासमान ठरू शकेल. शिवाय तुंबलेली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून चेहरा वाकडा होणे, हात गळणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात नेणे, आणि लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवणे, हेच आप्तांचे पहिले कर्तव्य होय. हृदयाची लय बिघडल्यामुळे हृदयाच्या कप्प्यात रक्त साकळून होणाऱ्या गुठळ्यांवर बिंबाणूरोधक औषधे पुरेशी पडत नाहीत. तेथे फायब्रिनच्या निर्मितीस विरोध करणारी वेगळ्या वर्गाची औषधे लागतात. डेंग्यूच्या तापात तर ॲस्पिरिन टाळावेच.

रोजच्या गोळीचा प्रश्न

वैद्यकाने येथवर मजल मारली, तरी शेवटचा प्रश्न घरातच सुटावयाचा असतो. बरे वाटू लागले म्हणून, दात काढावयाचा म्हणून, किंवा गोळ्या संपल्या आणि तालुक्याला जाणे झाले नाही म्हणून औषध बंद पडते. आठदहा दिवसांत रक्तात सर्व नवे बिंबाणू येतात आणि रुग्ण पुन्हा मूळ धोक्यात जातो. दात काढण्यासाठी ॲस्पिरिन सहसा बंद करावे लागत नाही; मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी काय करावे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. गोळीबरोबर रक्तदाब व मधुमेह यांवर ताबा आणि तंबाखूचा त्याग हेही तितकेच आवश्यक आहेत, कारण बिंबाणू थरावर जमतात आणि थर या कारणांनी वाढतात.

भारतातील ३१ केंद्रांवर चार हजारांहून अधिक पक्षाघात-रुग्णांना त्यांच्या भाषेत संदेश, चित्रफिती व पुस्तिका देऊन औषधोपचाराची आठवण करून देण्याचा मोठा प्रयोग अलीकडे करण्यात आला. वर्षभरातील पुनराघातांच्या संख्येत त्यामुळे फरक पडला नाही. परंतु औषधे नेमाने घेण्याचे प्रमाण सुधारले. या निष्कर्षाने निराश होण्याचे कारण नाही. माहितीने सवय सुधारते, पण आघात टाळण्यास तेवढीच पुरत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एका वैद्याने रुग्णाच्या घशातून वाहणाऱ्या रक्ताकडे लक्ष दिले. दुसऱ्याने डोळ्यातील पांढऱ्या कणांकडे. त्या निरीक्षणांपासून आजच्या उपचारापर्यंतची वाट हजारो रुग्णांच्या संमतीने झालेल्या चाचण्यांमधून गेली आहे. क्षणभर लुळा पडून पुन्हा हलू लागलेला हात हा त्या ज्ञानाचा उपयोग करून घेण्याची संधी देत असतो. ती संधी त्याच दिवशी साधावी लागते.